एक, दोन... तीस

सुट्टीत डोंबिवलीला घरी गेलो, तर सोसायटीच्या हॉलमध्ये सीपीआरचं शिबिर. आईने माझं नाव आधीच देऊन ठेवलेलं! सतरंजीवर बिनहातापायांचा रबरी पुतळा. छातीच्या मधोमध तळहात, कोपरं ताठ, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने. ३० वेळा दाबलं की २ श्वास. दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, तेव्हाच हृदयात पुन्हा रक्त भरतं. म्हणजे आपला सक्शन स्ट्रोकच की! दोन मिनिटांत माझा घामटा निघाला. (मेसच्या जेवणाची कृपा.)

मग डॉक्टर म्हणाले, "माणूस बेशुद्ध आहे आणि मधूनच आचके देतोय, तर तो श्वास समजू नका. १०८ लावा आणि दाबायला लागा."

मी गप्प झालो. गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरचे काका जिन्यात कोसळले, तेव्हा "श्वास चालू आहे" असं मीच ओरडून सांगितलं होतं. मग सगळे कांदा हुंगवत, वारा घालत बसलो. रुग्णवाहिका आली तेव्हा उशीर झाला होता.

काकू पुढच्याच रांगेत होत्या. नंबर आला तशा उठल्या, पदर खोचला आणि मोठ्याने मोजत दाबू लागल्या. तीस झाले तरी थांबेनात.