अर्ध्या विटेच्या भिंती

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावर गाडी पकडायची, विकफर्डला बदलायची आणि क्राउच नदीच्या अंगाने जाणाऱ्या फाट्यावरच्या छोट्या गाडीत बसायचं. नॉर्थ फॅम्ब्रिजला उतरलं की पुढे टॅक्सी. एसेक्सचा हा कोपरा लंडनपासून फार लांब नाही, पण हौशी पर्यटक इकडे सहसा फिरकत नाहीत. सपाट शेतं, भरती-ओहोटीच्या चिखलाने माखलेल्या खाड्या, मधूनच एखादं जुनं चर्च. वाऱ्याला अडवायला काही नाही. उत्तर समुद्रावरून येणाऱ्या विमानाला तरी काय अडवणार, असं मनात येतं. आणि १९१६ साली इंग्रज सेनाधिकाऱ्यांना नेमकी हीच काळजी लागली होती.

स्टो मेरीज हे त्या काळजीतून उभं राहिलेलं विमानतळ. जर्मनांची झेपेलिन हवाई जहाजं जानेवारी १९१५ पासून इंग्लंडवर बॉम्ब टाकत होती. रात्रीच्या अंधारात ब्लॅकवॉटर आणि क्राउच या नद्यांची चकाकती पात्रं वरून दिसत, आणि त्यांच्या आधाराने लंडनची वाट सापडे. म्हणून सप्टेंबर १९१६मध्ये रॉयल फ्लाइंग कोअरची ३७ क्रमांकाची स्क्वाड्रन या वाटेवर पसरून बसवली. मुख्यालय वुडहॅम मॉर्टिमरला, आणि तिच्या तीन तुकड्या रॉचफर्ड, गोल्डहँगर आणि स्टो मेरीज इथे. पहिल्या दोन ठिकाणी त्या काळचं फारसं काही उरलेलं नाही. स्टो मेरीजला मात्र दोन डझनांच्या आसपास इमारती उभ्या आहेत, आणि पहिल्या महायुद्धातल्या विमानतळाचा इतका मोठा, एकत्र टिकलेला संच ब्रिटनमध्ये दुसरा नाही.

फाटकातून आत शिरल्यावर पहिल्यांदा थोडी निराशाच होते. भव्य असं काही नाही. विमानांची मोठी शेडं युद्धानंतर कधीच गेली. उरल्या त्या बैठ्या, लांबट, करड्या खोल्या. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या सरकारी विश्रामगृहाची मागची बाजू असावी तशा. पण एका दाराच्या चौकटीपाशी थांबून भिंतीची जाडी पाहिली, आणि त्या जागेचं सगळं गणित उलगडलं. भिंत एका विटेच्या रुंदीची. साडेचार इंच, बस. ठरावीक अंतरावर बाहेरून विटांचे खांब काढून तिला टेकू दिलाय आणि वरून सिमेंटचा गिलावा. लष्कराच्या नकाशांत या पद्धतीला ‘तात्पुरतं वीटकाम’ म्हणत. युद्ध संपेपर्यंत चार-पाच वर्षं उभं राहिलं तरी पुष्कळ, या हिशेबाने बांधलेलं. त्याला आता शंभरावर वर्षं होऊन गेली.

कसं टिकलं, याचं उत्तर सोपं आहे: कुणाला पाडायची गरजच पडली नाही. १९१९मध्ये स्क्वाड्रन निघून गेली आणि जमीन पुन्हा शेतीकडे आली. शेतकऱ्याला तयार खोल्या मिळाल्या. कुठे धान्य, कुठे अवजारं, कुठे जनावरं. ज्या विमानतळांचा पुढच्या युद्धात उपयोग झाला तिथे काँक्रीटच्या धावपट्ट्या आल्या, जुनं सगळं साफ झालं. स्टो मेरीजला हवाई दलाने पुन्हा हात लावला नाही. वारसा जपायचा म्हणजे संग्रहालय, फलक, निधी असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. इथला नव्वद वर्षांचा रखवालदार होता तो शेतकऱ्याचा काटकसरी स्वभाव. त्याचे आभार मानणारा एखादा मोठा फलक लावायला हरकत नाही, असं मला तरी वाटलं.

या शतकाच्या पहिल्या दशकात दोघा विमानवेड्यांनी ही जागा विकत घेतली, काटेरी जाळ्या तोडायला सुरुवात केली, आणि हळूहळू आसपासच्या गावांतून स्वयंसेवक जमत गेले. पुढे २०१३मध्ये राष्ट्रीय वारसा स्मृती निधी, इंग्लिश हेरिटेज, एसेक्सची काउंटी कौन्सिल आणि मॉल्डनची जिल्हा परिषद यांच्या पैशातून ती एका सार्वजनिक न्यासाच्या मालकीची झाली. इमारतींना संरक्षित वास्तूंमधला दुसऱ्या श्रेणीतला वरचा दर्जाही आहे. पैसा मोठ्या संस्थांचा, पण रोजचा घाम स्वयंसेवकांचा. त्यात निवृत्त माणसं बरीच. कुणी खिडकीचं लाकूड घासतंय, कुणी पाहुण्यांना चहा देतंय.

काम दिसतं तितकं सरळ नाही. साडेचार इंची भिंत पाणी पिते. छपरात वटवाघळं असली तर ब्रिटिश कायद्याने त्यांना हुसकता येत नाही. दुरुस्तीचं वेळापत्रक त्यांच्या सोयीने आखावं लागतं. आणि सगळ्यांत अवघड प्रश्न म्हणजे किती दुरुस्त करायचं? आपल्या सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर दर शनिवार-रविवारी टाकी उपसणारी, तटावरची झाडं काढणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्यांच्यातही हाच वाद असतो. चुन्याच्या जागी सिमेंट थापून नवा कोरा बुरूज उभा केला की जुना बुरूज हरवतोच. स्टो मेरीजला गंमत अशी की मूळ गिलावाच सिमेंटचा! तरीही इथल्या लोकांनी हात आवरता घेतला आहे. काही खोल्या त्या काळच्या सामानासह मांडल्यात, काही नुसत्या पाण्यापावसापासून वाचवून तशाच ठेवल्यात. मला दुसऱ्या जास्त आवडल्या.

वैमानिकांची बसायची खोली हे या जागेचं काळीज म्हणायला हवं. फोन वाजेपर्यंत इथे वाट पाहायची आणि वाजला की अंधारात उडायचं. बी.ई.२सी जातीच्या विमानाला दहा हजार फुटांवर पोहोचायला पाऊण तास लागायचा. तोवर झेपेलिन कुठल्या कुठे गेलेलं असे. परतताना खाली जाळलेल्या टेंभ्यांच्या रांगेवरून धावपट्टी ओळखायची, म्हणजे गवताचं मैदान ओळखायचं. शत्रूपेक्षा धुकं, अंधार आणि बिघडलेलं इंजिन यांचीच भीती मोठी. ७ मार्च १९१८च्या रात्री स्टो मेरीजहून उडालेला कॅप्टन किनॉक आणि रॉचफर्डहून उडालेला कॅप्टन स्ट्राउड यांची विमानं काळोखात एकमेकांवर आदळली. दोघंही गेले. इथे रुग्णवाहिकेची शेड आणि शवागार एकाच छपराखाली आहेत. नकाशा काढणाऱ्याला व्यवहार चांगला कळत होता. गावातल्या चर्चच्या आवारात काही वैमानिकांच्या कबरी आहेत. त्यांतला एक थेट ऑस्ट्रेलियातून आलेला.

स्क्वाड्रनच्या नावावर मोठा विजय एकच. १७ जून १९१७च्या पहाटे एल ४८ या झेपेलिनचं होकायंत्र गोठलं, इंजिनं कुरकुरू लागली, म्हणून ते खाली उतरलं आणि ३७ स्क्वाड्रनच्या लेफ्टनंट वॉटकिन्सच्या टप्प्यात आलं. तो गोल्डहँगरहून उडाला होता. जळतं जहाज सफोकमध्ये थेबर्टनला कोसळलं. त्याचा एक तुकडा तिथल्या चर्चच्या देवडीत आजही ठेवलेला आहे. याच्या चारच दिवस आधी गोथा जातीची बॉम्बफेकी विमानं भर दिवसा लंडनवर आली होती. त्या हल्ल्यात १६२ माणसं मेली. पॉप्लरमधल्या एका शाळेवर बॉम्ब पडून अठरा मुलं गेली, बहुतेक पाच वर्षांच्या आसपासची. गोथांच्या मानाने इथली विमानं फारच मंद होती. या करड्या खोल्यांतून शौर्याची कथा सांगितली जाते तेव्हा हेही सांगितलं गेलं पाहिजे.

भारताचा धागा या आकाशात शोधायचा तर सापडतो. ब्रिटनच्या भूमीवर पहिलं जर्मन हवाई जहाज पाडणारा विल्यम लीफ रॉबिन्सन हा कोडगूत जन्मलेला, इंग्रज कॉफी मळेवाल्याचा मुलगा. पण माझ्या मनात वेगळं नाव होतं. मुंबईचा श्रीकृष्ण वेलिंकर. पहिल्या महायुद्धात रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये जे मोजके भारतीय वैमानिक होते, त्यांत इंद्रलाल रॉय आणि हरदित सिंग मलिक यांची नावं थोडीफार ऐकलेली असतात. वेलिंकर मराठी मुलखातला असूनही आपल्याकडे जवळजवळ अनोळखी. तो २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन चालवत होता. जून १९१८च्या अखेरीस फ्रान्सच्या आघाडीवर तो पडला आणि तिथेच हँगार्डच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. स्टो मेरीजशी त्याचा थेट संबंध नव्हता. पण याच्यासारखाच एक तळ, अशीच एखादी वाट पाहायची खोली त्याच्याही वाट्याला आली असणार, एवढं मात्र इथे उभं राहिल्यावर कळतं.

लंडनला जाणाऱ्या मराठी पाहुण्यांच्या यादीत ब्रिटिश म्युझियम आणि मादाम तुसाँ असतंच. एक दिवस मोकळा असेल तर इकडेही या. जागा स्वयंसेवकांच्या बळावर चालते, आठवड्याचे सगळे दिवस उघडी नसते, तेव्हा आधी चौकशी करून निघा. तिकीट काढा, कँटीनमध्ये चहा घ्या. न्यासाच्या गंगाजळीत तेवढीच भर पडते. आणि सोबत जाड कोट ठेवा, मैदानावर वारा बोचरा असतो.