सहीतला नंबर उलटा का झाला?

माझी भाची गडचिरोलीत एका छोट्या संस्थेत काम करते. सामूहिक वनहक्काचे दावे, त्यांची कागदपत्रं, कार्यालयांशी पत्रव्यवहार. तिच्या ईमेलखाली संस्थेचं बोधचिन्ह, मराठीत नाव, मग उर्दूत नाव आणि त्याच ओळीत फोन नंबर अशी सही असायची. उर्दूचा आग्रह तिचाच. दाखल्यावरचं नाव मराठीत आहे, नानीने गिरवून घेतलं ते उर्दूत.

एका दाव्याच्या सुनावणीची तारीख फोनवर कळणार होती. फोन आलाच नाही. ती चौकशीला गेली तर तिथले बाबू म्हणाले, "मॅडम, तुमचा नंबरच लागत नाही." त्यांच्याकडच्या प्रिंटवर बोधचिन्हाच्या जागी रिकामी चौकट होती आणि एसटीडी कोड नंबराच्या मागे गेला होता. आकडे सगळे हजर, पण कोडच्या जागी नंबर आणि नंबराच्या जागी कोड.

"मामू, मी तर बरोबर लिहिलं होतं."

बरोबरच लिहिलं होतं. अशा वेळी आधी बिघाड कुठला ते शोधावं. पाठवलेल्या मेलची आपल्याकडची प्रत उघडायची, तीच मेल दुसऱ्या एक-दोन प्रोग्रामांत मागवायची आणि दोन्हीकडचा मूळ कोड ताडून पाहायचा. आपल्याकडेच मोडलं असेल तर सही पेस्ट करतानाच काही गळालेलं असतं. आपल्याकडे नीट आणि तिकडे मोडलेलं असेल, तर पोचल्यावर कोणीतरी कात्री चालवलेली असते. इथे दुसरा प्रकार होता. 'हा नंबर डावीकडून वाच' असं सांगणारी कोडमधली खूण समोरच्या प्रोग्रामने काढून टाकली होती.

खूण गेली की युनिकोडचा दुहेरी दिशेचा नियम लागतो. इंग्रजीत त्याचं लघुरूप आपल्या तेंदूपत्त्याच्या बिडीसारखंच लिहितात, उच्चार तेवढा बायडाय. उर्दू अक्षरांनंतर त्याच ओळीत आलेले इंग्रजी आकडे तो उर्दूच्या ओघात धरतो. मधल्या आडव्या रेघेने नंबराचे दोन तुकडे पडतात आणि ते उजवीकडून डावीकडे मांडले जातात. गंमत म्हणजे आपल्या मराठी आकड्यांना हे लागू नाही. युनिकोडच्या लेखी ते अक्षरांसारखेच डावीकडून चालतात, त्यामुळे उर्दूच्या शेजारीही जागचे हलत नाहीत.

पण मराठी आकडे सगळ्यांच्या फोनला कळतीलच असं नाही. म्हणून आम्ही नंबराला स्वतंत्र ओळ दिली. ओळ बदलली की नियम नव्याने सुरू होतो, उर्दूचा ओघ तिथवर पोचत नाही. एकाच ओळीत ठेवायचं असेल तर नंबराआधी डावी-उजवी दिशा सांगणारं अदृश्य अक्षर टाकता येतं. ते मजकुराचाच भाग असल्याने कोड छाटला तरी सहसा टिकतं.

बोधचिन्हाचं दुखणं वेगळं. बाहेरच्या सर्व्हरवरची चित्रं बरेच प्रोग्राम विचारल्याशिवाय उघडत नाहीत. शिवाय विंडोजवरचं जुन्या धाटणीचं आउटलुक २००७ पासून मेल वर्डच्या इंजिनाने मांडतं. गोल कोपरे, पार्श्वभूमीचं चित्र, रुंदीची कमाल मर्यादा यांतलं बरंच त्याला कळत नाही. तिथे साधा तक्ता आणि प्रत्येक ओळीतच लिहिलेली सजावट एवढंच चालतं. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने रस्ता बंद होतो, नेटवर्कचीही तीच गत. तिथे चित्राची वाट कोण पाहणार? नाव आणि नंबर अक्षरांतच हवेत.

तिच्या सहकाऱ्याची सही मला सोडवता आली नाही. त्याला आपलं नाव गोंडी लिपीत हवं होतं. मसराम गोंडी युनिकोडमध्ये आली २०१७ साली. पलीकडच्या आदिलाबादेतल्या गुंजाळा गावाच्या नावाची दुसरी गोंडी लिपी २०१८ साली आली. पण समोरच्या संगणकात फॉन्ट नसेल तर नुसते चौकोनी डबे दिसतात. चित्र करून लाव म्हटलं, तर नको म्हणाला. "डबे दिसले तर विचारतील तरी, हे काय आहे म्हणून."

त्याच्या सहीत आता वर देवनागरी नाव आहे, खाली गोंडी. भाचीला तारीख मिळाली, पुढच्या महिन्याची.