फ्रीजमागची पाहुणी

रात्रीचे सव्वादोन. सकाळी दहाला डेडलाइन. आणि मी किचनच्या फरशीवर पालथी पडून फ्रीजच्या मागे टॉर्च मारतेय! तिथे दोन डोळे चमकतात आणि एक बारीक, लांबलचक 'म्यांऽऽव' येतं. माझ्यासाठी नाही हं. आईसाठी.

ही फोडणी. वय जेमतेम आठ आठवडे, वजन साडेसहाशे ग्रॅम. पिवळ्या अंगावर मोहरी तडतडल्यासारखे काळे ठिपके, म्हणून हे नाव. मावशीच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात जिन्याखाली मांजरीनं तीन पिल्लं घातली आणि मावशीनं फर्मान काढलं, ''अगं, एकटी राहतेस ना? एक ने. सोबत होईल.'' झालं! भाजीच्या टोपलीत घालून रिक्षानं कर्वेनगरला आणलं.

आणि मग मी काय केलं? वेलकम पार्टी! चार मैत्रिणी, चार मोबाइल, प्रत्येकीच्या मांडीवर एकेक फोटो. अख्खा फ्लॅट तिला मोकळा. वर वाटीभर दूध. मांजर म्हटलं की दूध, एवढंच आपलं ज्ञान. फोडणी जी फ्रीजमागे घुसली, ती घुसलीच. सकाळी ते दूध वेगळ्या रूपात फरशीवर सापडलं. त्यानंतर तिनं कशालाही तोंड लावलं नाही.

संध्याकाळी व्हेटकडे नेलं. त्यांनी आधी तिला तपासलं, मग मला. ''मोठ्या मांजराचं एक वेळ निभावतं, पण एवढ्याशा पिल्लाच्या रक्तातली साखर झपाट्यानं उतरते. आज रात्री खायलाच हवं. गाईचं दूध बंद, त्यातलं लॅक्टोज पचत नाही. आईजवळ जे खात होती तेच द्या. काय खायची?''

मला माहीतच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं!

''तुम्ही तिला घर दाखवताय,'' ते म्हणाले, ''तिला सध्या एक कोपरा पुरे.''

बाहेर येऊन मावशीला फोन लावला. ''उकडलेलं चिकन, बारीक कुस्करून,'' ती म्हणाली. मग जरा थांबून, ''ती मांजरी कालपासून जिन्याखाली हाका मारतेय गं.''

फोडणीला घरी ठेवून मी तशीच वाड्यावर गेले. जिन्याखालच्या खोक्यातली जुन्या साडीची चिंधी घेतली, कारण पिल्लाला आईचा वास ओळखीचा असतो. मागच्या अंगणातली थोडी मातीही पिशवीत भरली. आईचं बघून तिथेच 'जायला' शिकली होती ना ती! उठले, तर मांजरी माझ्या जीन्सला नाक लावून उभी. गुडघा हुंगला, हात हुंगला आणि माझ्याकडे बघून ओरडली. पार दिंडी दरवाजापर्यंत मागे आली. इतकं ओशाळं मला ऑफिसात बॉसपुढेही कधी वाटलं नव्हतं.

रिक्षात बसल्या बसल्या मोबाइलवर शोधलं. हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 मध्ये पावणेसहा हजारांच्या आसपास मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केलाय. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेली पिल्लं पुढे जास्त आक्रमक होतात. त्यांच्या मते चौदा आठवडे थांबावं. आणि आमचा मुहूर्त? मावशीची दुपारची झोपमोड! सकाळपर्यंत खाल्लं नाही तर फोडणीला परत नेऊन सोडायची, मी ठरवून टाकलं.

रात्री फक्त बेडरूम. बाकी दारं बंद. एका बाजूनं कापलेलं खोकं, त्यात ती चिंधी. टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी अर्ध्याच भागात, म्हणजे उकडलं तर सरकता येईल. एका कोपऱ्यात अंगणातल्या मातीचा ट्रे, अगदी विरुद्ध कोपऱ्यात चिकन आणि पाणी. जेवणाशेजारी टॉयलेट आपल्याला तरी चालेल का? दिवा बंद करून मी लॅपटॉप घेऊन खाली बसले, खोक्याकडे पाठ करून. हाक नाही, चुचकारणं नाही, बघणंसुद्धा नाही. मांजराला रोखून बघितलं तर त्याला ती धमकी वाटते. (आमच्या एडिटरला हे कुणीतरी सांगा.)

एक वाजला. दोन वाजले. आर्टिकल चारशे शब्दांवर अडकलेलं. तीनच्या सुमाराला पाठीमागे आवाज आला... चप् चप् चप्. मी वळले नाही. डोळे मात्र भरून आले, उगीच.

दोन दिवस ती माझी पाठ फिरली की जेवायची आणि मी वळले की खोक्यात. तिसऱ्या दिवशी ट्रे वापरला. चौथ्या रात्री माझ्या पावलावर येऊन बसली, तीही चिंधी तोंडात धरून ओढत. मुंग्या आल्या तरी मी पाय हलवला नाही.

मावशीला कळवलं. ''मांजरीही गप झाली कालपासून,'' ती म्हणाली. मला हायसं वाटलं आणि कसंतरीही. उरलेली दोघं बारा आठवड्यांची होईपर्यंत कुणालाच द्यायची नाहीत, हे तिच्याकडून वदवून घेतलं. दूध आटलं की मांजरीचं ऑपरेशन, बिल माझ्याकडे.

चिंधी अजून धुतलेली नाही. वास मारतेय. राहू दे.