पंखा कोणाचं ऐकतो

पहिल्यांदा कॉम्प्युटर जोडणाऱ्या माणसाची सगळी भीती प्रोसेसरपाशी खर्च होते. सॉकेटची दांडी दाबताना जो करकर आवाज येतो, त्यानं भल्याभल्यांचे हात थांबतात. मग रॅम, मग एसएमपीएसच्या जाडजूड केबली, मग पॉवर स्विचच्या त्या बारीक पिना, ज्यांच्यासाठी चाळिशीनंतर चष्मा आणि टॉर्च दोन्ही लागतात. पंख्यांची पाळी सगळ्यात शेवटी येते. तोवर माणूस दमलेला असतो, एकदाचं स्क्रीनवर काहीतरी उमटावं अशी घाई झालेली असते, आणि पंखा काय, कुठेही खुपसला तरी फिरतोच.

खरी अडचण तीच आहे. रॅम नीट बसली नाही तर मशीन सुरूच होत नाही, म्हणजे ती आपली तक्रार लगेच नोंदवते. पंखा कसाही जोडला तरी गरगरत राहतो, त्यामुळे गफलत वर्षानुवर्षं झाकलेली राहते. मी लोकांना पीसी जोडून देतो, आधी हौस म्हणून, आता थोडाफार धंदा म्हणून. शिकायला येणाऱ्या पोरांना पंख्याच्या तारांबद्दल विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, ‘‘काका, फिरतोय की!’’

फिरण्यासाठी दोनच तारा लागतात, एक ग्राउंडची आणि एक १२ व्होल्टची. चांगल्या पंख्याला चार असतात. तिसरी तार पंख्याकडून मदरबोर्डकडे बातमी नेते. पंख्याच्या पोटात फिरत्या चुंबकाची चाहूल घेणारा हॉल सेन्सर असतो, त्याच्या जोरावर दर फेरीला दोन ठोके या तारेवर पडतात. बोर्ड ते मोजतो आणि आपल्याला आरपीएम दाखवतो. चौथी तार हुकमाची. तिच्यावर सेकंदाला सुमारे २५,००० वेळा चालू-बंद होणारा इशारा येतो आणि त्यात ‘चालू’चा वाटा जितका मोठा तितका पंखा जोरात. इंटेलनं चार तारांच्या पंख्यांसाठी जी नियमावली केली, तिच्यात ठरलेला हा वेग. माणसाचा कान २०,००० च्या पुढे ऐकत नाही, म्हणून ही उघडझाप आपल्याला जाणवत नाही.

तीन तारांचा पंखा मदरबोर्डवरच्या चार पिनांच्या हेडरवर खुशाल बसतो. प्लॅस्टिकची खाच जुळवली की चौथी पिन आपोआप मोकळी राहते. फक्त बायॉसमध्ये जाऊन त्या हेडरला डीसी मोड द्यायचा, म्हणजे बोर्ड व्होल्टेज कमी-जास्त करून वेग सांभाळतो. ते केलं नाही आणि हेडर पीडब्ल्यूएमवर, म्हणजे चौथ्या तारेच्या हुकमावर, राहिला, तर पंख्याला सतत पूर्ण १२ व्होल्ट मिळत राहतात. मालक मग कंपनीला शिव्या देतो की पंखा फार आवाज करतो.

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत स्वस्तातलं कॅबिनेट घेतलं की पुढच्या काचेमागे तीन-चार रंगीत पंखे आधीच बसवलेले मिळतात. दुकानदार ‘फॅन फ्री’ असं ठासून सांगतो. त्यातल्या कित्येकांच्या शेपटीला मोलेक्सचा पांढरा जाड कनेक्टर असतो, म्हणजे वीज थेट एसएमपीएसमधून. बोर्डाला त्यांचा पत्ता नाही, त्यांना बोर्डाचा नाही. तुम्ही मेल वाचत असा की गेम खेळत असा, ते एकाच ताणात फिरणार. शिवाय समोर सपाट काच, म्हणजे हवा आत यायची कुठून? माझं मत विचाराल तर जाळीचा दर्शनी भाग असलेलं साधं कॅबिनेट घ्यावं आणि चार तारांचे दोन-तीन बरे पंखे वेगळे विकत घ्यावेत. रोषणाईची हौस असलीच तर एवढं पाहावं की तीन पिनांचे दिवे ५ व्होल्टचे आणि चार पिनांचे १२ व्होल्टचे असतात. जोर लावून पाचचा प्लग बाराच्या हेडरवर चढवला की दिवे कायमचे जातात.

हेडर कमी पडले तर स्प्लिटर वापरायला हरकत नाही. बहुतेक बोर्डांवर एका हेडरची मर्यादा १ अँपिअर, म्हणजे १२ वॅट असते. पंख्याच्या मधल्या स्टिकरवर त्याचा अँपिअरचा आकडा छापलेला असतो, त्यांची बेरीज मर्यादेच्या बरीच आत राहिली पाहिजे. स्प्लिटरच्या एका फाट्यात एक पिन मुद्दामच गाळलेली असते, कारण दोन पंख्यांचे ठोके एकाच तारेवर आले तर बोर्डाला मोजदाद जमणार नाही. ती गायब पिन पाहून माल खराब निघाला म्हणून दुकानात परत धावणारे बरेच आहेत.

दिशेचं फार अवघड नाही. ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या दांड्या दिसतात, त्या बाजूनं हवा बाहेर पडते. पुढून आत, मागून आणि वरून बाहेर. आत येणारी हवा थोडी जास्त ठेवली की फटींमधून धूळ ओढली जात नाही, आणि आपल्याकडची धूळ पाहता हे महत्त्वाचं आहे.

आता ज्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो ती. पंखा योग्य हेडरवर बसला, त्याचा आकडा दिसू लागला, पण त्यानं ऐकायचं कोणाचं? बहुतेक बोर्डांवर कॅबिनेटचे पंखेसुद्धा प्रोसेसरच्या तापमानाला बांधलेले असतात. हल्लीचा प्रोसेसर ब्राउझर उघडल्याबरोबर क्षणात दहा-पंधरा अंशांनी तापतो आणि तितक्याच लवकर निवतो. पंखे त्याच्या मागे घुंऽऽ करत चढतात, उतरतात. एकसुरी आवाज कान विसरतो, चढउतार विसरत नाही. उलट, गेम खेळताना ग्राफिक्स कार्ड २०० ते ३०० वॅट उष्णता कॅबिनेटमध्ये ओतत असतं, प्रोसेसर त्या मानानं निवांत असतो, आणि त्याच्याकडे पाहून पंखेही निवांत. दिवाणखान्यातला थर्मामीटर बघून स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लावावा, तसा हा प्रकार.

यावर उपाय आहेत. बायॉसमध्ये कॅबिनेटच्या पंख्यांचा आधार प्रोसेसरऐवजी मदरबोर्डचा सेन्सर करता येतो. तो सावकाश तापतो, सावकाश निवतो, त्यामुळे पंखेही शहाण्यासारखे वागतात. वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोयही बहुतेक बोर्डांत असते. विंडोजवर ‘फॅन कंट्रोल’ नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, त्यात थेट ग्राफिक्स कार्डाचं तापमान पंख्यांना देता येतं. मी बहुधा पंख्याच्या कमाल वेगाच्या निम्म्याच्या आसपास तापमानानुसार वेग ठरवणारा आलेख सपाट ठेवतो आणि तापमान खरंच चढलं तरच पुढे जाऊ देतो. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण फिरवायला लागणारी वीज एक अष्टमांशावर येते आणि आवाज तर कितीतरी पटींनी उतरतो. म्हणून एका पिसाटलेल्या पंख्यापेक्षा संथ चालणारे तीन केव्हाही चांगले.

पंख्याच्या आवाजाचा राग नवा नाही. स्टीव्ह जॉब्जना तो इतका नकोसा होता की १९८४ चा पहिला मॅकिंटॉश पंख्याशिवायच निघाला. ते यंत्र तापायचं, आणि १९८७ च्या मॅकिंटॉश एसईमध्ये अखेर पंखा आला. उन्हाळ्यात नागपूर-अकोल्याकडे पीसी चालवणाऱ्यांना तर हे सांगायलाही नको. खोलीतली हवा ४२ अंशांवर असेल तर कोणताही पंखा कॅबिनेटच्या आत त्याहून कमी तापमान आणू शकत नाही.

तेव्हा बाजूच्या पत्र्याचे स्क्रू आवळायच्या आधी एकदा बायॉस उघडा. प्रत्येक हेडरपुढे आरपीएमचा आकडा आहे का पाहा. प्रोसेसरच्या कूलरचा पंखा सीपीयू फॅन लिहिलेल्या हेडरवरच हवा, नाहीतर कित्येक बोर्ड सुरू होतानाच अडून बसतात. एखादा पंखा डोळ्यांसमोर फिरतोय आणि बायॉसला मात्र तो दिसत नाही, असं आढळलं तर तो स्प्लिटरच्या पिन गाळलेल्या फाट्यावर असेल, नाहीतर मोलेक्सवर. स्प्लिटरवर असेल तर राहू द्या. मोलेक्सवर असेल तर काढा.