स्टिअरिंगचा गंजलेला बोल्ट

आमच्या पावसला लोखंडी वस्तूला आयुष्य थोडे. पश्चिमेकडून खारा वारा येतो, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि खिडकीचे गज असोत की विहिरीवरचा रहाट, सारे तांबूस होऊन झडू लागते. घरच्या जुन्या जीपची तरी यातून सुटका कशी व्हावी? गेल्या मे महिन्यात स्टिअरिंग सैल लागू लागले. हातातले चाक दोन बोटे फिरवले तरी पुढची चाके जागची हलत नसत. गोळप, फणसोप, भाट्ये मार्गे रत्नागिरीला जाणारा रस्ता चढउतारांचा आणि वळणांचा. वृद्ध मातोश्रींना महिन्यातून दोनदा त्याच रस्त्याने दवाखान्यात न्यावे लागते. पावसाळा तोंडावर आला होता. हे काम पुढे ढकलण्याजोगे नव्हते, आणि हयगयीने करण्याजोगे तर मुळीच नव्हते.

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी त्या वेळी सुट्टीत गावी आला होता. आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण करून तो आज मुंबईत नोकरी करतो. त्याने गाडीखाली शिरून दोष दाखवला. स्टिअरिंगचा दांडा खालच्या पेटीला जेथे मिळतो तेथील सांधा झिजला होता. सांधा बदलायचा तर त्याला आवळून धरणारा बोल्ट काढणे भाग होते, आणि तो बोल्ट गंजून जागीच बसला होता. हा बोल्ट केवळ आवळण्यासाठी नसतो. दांड्यावर कोरलेल्या खाचेतून तो आडवा जातो, म्हणजे पकड सैल झाली तरी दांडा निसटू नये. म्हणून तो पूर्ण बाहेर आल्याखेरीज सांधा सुटत नाही. चालकाचे हात आणि रस्त्यावरची चाके यांचे नाते या बोटाएवढ्या लोखंडावर टिकून असते.

शेजाऱ्यांनी गाडीखाली टेकू द्यायला जांभ्याचे चिरे आणले होते. विद्यार्थ्याने ते नम्रपणे बाजूला ठेवले. "काका, चिरा घराला चालतो. गाडीखाली तो एकाएकी फुटतो, आणि खाली माणूस असतो." मग लोखंडी स्टँड आले, मागच्या चाकांना लाकडी अडसर लागले. आम्ही पाना हाती घेतला तेव्हा तो म्हणाला, "सर, एक सांगू? जोर शेवटी लावायचा. आधी घासू, मग तेल पाजू, मग वाट पाहू."

"सांग बाबा," आम्ही म्हटले, "आज गुरू तू."

गंजलेला बोल्ट का अडतो, हे त्याने सोप्या शब्दांत सांगितले. लोखंडाचा गंज होतो तेव्हा तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमधील केसभर फट त्याने गच्च भरते. पाचर ठोकल्यासारखीच ही अवस्था. अशा वेळी नुसता जोर लावला तर पाना घसरून माथ्याचे कोपरे गोल होतात, नाहीतर बोल्टच मधोमध तुटतो आणि दुखणे दुप्पट होते. त्याने तारेच्या ब्रशाने उघडे आटे स्वच्छ केले आणि त्यांवर गंज सोडवणारे तेल सोडले. या निमित्ताने सांगण्याजोगी एक गोष्ट. अशा कामाला घरोघर वापरतात ते डब्ल्यूडी-४० हे अमेरिकेत १९५३ साली तयार झाले. नावातील अक्षरांचा अर्थ पाणी हटवणारे, आणि आकडा सांगतो की चाळिसाव्या प्रयत्नात ते साधले. एकोणचाळीस वेळा फसलेल्यांनी ते फसणे नावातच नोंदवून ठेवले.

तेल मुरायला रात्रभर वेळ दिला. सकाळी पुन्हा तेल, मग हातोडीचे हलके ठोके, म्हणजे गंजाला तडे जाऊन तेल आत उतरावे. गॅसच्या बत्तीने तापवले तर लोखंड फुगून पकड सुटते, हे आम्ही ऐकून होतो. पण तेथे रबर होते, तेल होते, म्हणून त्याने तो विचार सोडला. शेवटी सहा कोनांचा सॉकेट माथ्यावर घट्ट बसवून त्याने बोल्ट उलटा फिरवण्याऐवजी प्रथम किंचित आवळला. कट् असा आवाज झाला. गंजाची पकड मोडली होती. मग पाव फेरा मागे, थोडा पुढे, पुन्हा तेल, पुन्हा मागे. अर्ध्या तासाने बोल्ट आमच्या तळहातावर होता.

जुना बोल्ट परत लावायचा नाही, हे त्याने निक्षून सांगितले. त्याच्या माथ्यावर १०.९ असा आकडा होता. पहिला भाग सांगतो की दर चौरस मिलिमीटरला सुमारे १००० न्यूटन ताण पडेपर्यंत तो तुटत नाही. दुसरा सांगतो की त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत तो कायमचा ताणलाही जात नाही. तसाच आकडा असलेला नवा बोल्ट आणि नवा नट आणला. दांडा आणि सांधा यांवर आधीच रंगाची खूण केली होती, तिच्याशी खूण जुळवून जोडणी केली आणि नेमून दिलेल्या मापाने पाना आवळला. मग गाडी हळू चालवून पाहिली, आणि मातोश्रींना बसवण्यापूर्वी रत्नागिरीतील गॅरेजमध्ये एकवार तपासून घेतली.

इतिहासाच्या माणसाला यात आणखी काही दिसते. नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे उत्खननात महापाषाण काळातील लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे. तांबड्या दगडातून लोखंड वेगळे करणारे ते हात होते. आपल्या जांभ्याचा तांबडेपणाही लोहाच्या गंजाचाच. म्हणजे माणसाने मातीतून काढलेले लोखंड पावसची हवा पुन्हा माती करू पाहते. गंज लोखंडातून उपजून लोखंडालाच खातो, हा दृष्टान्त धम्मपदाच्या मलवग्गात आहे. आम्ही तो अनेकदा शिकवला, पण त्याचे वजन तळहातावर प्रथमच आले.

ज्यांनी भट्ट्या पेटवल्या, चामडे कमावले, रस्ते बांधले, त्यांच्या ज्ञानाला आपल्या देशाने विद्या म्हटले नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी १९४२ साली सरकारला निवेदन दिले. त्यात आपल्या मुलांच्या विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, त्यामागचे दुखणे हेच होते. हाताला कारण कळले की श्रमाची विद्या होते, आणि डोक्याला हाताची सवय लागली की विद्येचा तोरा उतरतो.

तो बोल्ट आम्ही वर्गात ठेवला आहे. लोहयुगाचा धडा आला की जांभ्याच्या तुकड्याबरोबर तो मुलांच्या हातून फिरतो. माजी विद्यार्थ्यांना एकच विनंती: वसतिगृहाला भेट द्याल तेव्हा पुस्तकांबरोबर एखादा पान्यांचा संचही आणा, आणि एक दुपार मुलांसोबत बसून तो कसा धरायचा ते शिकवा.