गेरूची खूण

दिवाळीच्या सुट्टीत मी आत्याकडे पुण्याला गेलो होतो. माझ्या आतेभावाकडे कॉम्प्युटर आहे. मी त्याला दादा म्हणतो. दादाने मला एक खेळ दाखवला. त्याचे नाव ‘बॉम्ब रश सायबरफंक’. नावात बॉम्ब आहे, पण खेळात बॉम्ब टाकायचा नसतो. दादा म्हणाला, भराभर भिंती रंगवत सुटणे याला ते लोक बॉम्ब म्हणतात. चाकांचे बूट घालून शहरभर पळायचे आणि भिंतींवर रंगाने अक्षरे व चित्रे काढायची, असा हा खेळ आहे.

नेदरलँड्स देशातल्या टीम रेप्टाइल या छोट्या कंपनीने तो २०२३ साली काढला. त्याच्या आधी, २००० साली, जपानच्या सेगा कंपनीचा ‘जेट सेट रेडिओ’ नावाचा असाच खेळ होता. त्या जुन्या खेळाला संगीत देणारे हिदेकी नागानुमा यांची गाणी या खेळातही आहेत. गाणी लागली की पाय आपोआप हलतात.

खेळातल्या मुलाचे नाव रेड. सुरुवातीलाच एक डीजे तबकडी फेकून त्याचे डोके उडवतो! मग त्याला लाल रंगाचे यंत्राचे डोके बसवतात. आपण मुळात कोण होतो हे त्याला ठाऊक नसते. तो कठड्यांवरून घसरत जातो, उड्या मारतो, कसरती करतो. मध्ये थांबला की कसरतींची साखळी तुटते. मोठ्या भिंतीपाशी गेले की ठिपके दिसतात. ते ज्या क्रमाने जोडू तसे चित्र उमटते. माझी आई ठिपक्यांची रांगोळी काढते, तसेच ते मला वाटले. खूप भिंती रंगवल्या की पोलीस मागे लागतात. मग रेड रस्त्यावरच्या फिरत्या संडासात शिरतो आणि कपडे बदलून बाहेर येतो. पोलीस फसतात. तेव्हा मी पोट धरून हसलो.

दादाने आणखी सांगितले की, न्यूयॉर्क शहरात खरोखरच मुले अशी नावे लिहीत. एक जण सगळीकडे ‘टाकी १८३’ असे लिही. १८३ हा त्याच्या रस्त्याचा आकडा होता. १९७१ साली त्याची बातमी मोठ्या वर्तमानपत्रात आली. मला वाटले, आपलेही नाव सगळ्यांनी पाहावे.

भाऊबीज झाल्यावर मी गावी आलो. तुळशीवृंदावनाला लावलेला गेरू डब्यात थोडा उरला होता. शेजारच्या आजीने दिवाळीसाठी भिंतीला चुना दिला होता. भिंत पांढरीशुभ्र दिसत होती. दुपारी सगळे शेतात गेल्यावर मी माझ्या नावाचे पहिले अक्षर तिच्यावर काढले. हे एवढे मोठे! त्याला बाणही काढला आणि धूम पळालो.

संध्याकाळी आजी आमच्या ओट्यावर येऊन बसली. तिचे हात थरथरत होते. ती आईला म्हणाली, “आगं, माज्या भितीवर लाल खूण केलीया कुणीतरी. रस्ता रुंद करत्यात तवा अशीच खूण करत्यात. घर पाडत्यात का काय माजं?” आजीला वाचता येत नाही. रात्री ती जेवलीच नाही. आई तिला भाकरी द्यायला गेली, तर ती तशीच भिंतीकडे बघत बसलेली होती.

मला झोप येईना. खेळात भिंतीमागे कोणी राहते की नाही, हे मी कधी पाहिलेच नव्हते. शेवटी मी उठून आईला सारे सांगितले. आई मला मारील असे वाटले, पण ती म्हणाली, “आत्ताच्या आत्ता आजीला सांग.” मी अंधारात गेलो आणि सांगितले. आजी आधी गप्पच राहिली. मग म्हणाली, “आरं गाढवा, माजा जीव गेला असता की!” आणि तिने मला जवळ घेतले. मग मला फार रडू आले.

दुसऱ्या दिवशी मी चुना कालवला. एक हात दिला तरी गेरू खालून दिसतच होता. तीन हात दिले तेव्हा कुठे तो झाकला. अक्षर काढायला मला थोडाच वेळ लागला होता, पुसायला दोन दिवस लागले.

तो खेळ मला अजून आवडतो. पुन्हा पुण्याला गेलो की मी खेळणार आहे. बाईंना ही हकिगत समजली तेव्हा त्यांनी या भित्तिपत्रकाचे वरचे नाव मला रंगवायला दिले. आधी पेन्सिलीने ठिपके काढले, मग जोडले. पालकसभेला आजीही येणार आहे. तिला मी हे सगळे वाचून दाखवणार आहे. वरचे लाल अक्षर कोणी काढले, हेही सांगणार आहे. म्हणजे ती घाबरणार नाही.