फळ्यावरचे सा रे ग म

गाणं शिकणाऱ्या प्रत्येकाची सुरुवात सारखीच होते: सा रे ग म प ध नि सां. पुढे ज्याची त्याची वाट निराळी. कुणी दोन परीक्षा देऊन थांबतं, कुणी भजनात रमतं, एखादीच मैफलीपर्यंत पोचते. त्या वाटेवर सरगम सहसा मागे राहते. माझ्या बाबतीत ती मागे राहिली नाही. दर काही वर्षांनी ती पुन्हा समोर येऊन उभी राहिली आणि दर वेळी तिने आधीपेक्षा जास्त काही मागितलं. याचं श्रेय मी डॉ. प्रभा अत्रे यांना देते. त्यांच्यापुढे बसून शिकण्याचा योग मला आला नाही. त्यांच्या ध्वनिमुद्रणांनी आणि पुस्तकांनी मात्र आयुष्यभर शिकवलं.

सांगलीत एका जुन्या वाड्याच्या माडीवर आमचा क्लास भरायचा. बाई पेटीवर काळी चारचा सा धरायच्या आणि आम्ही मुली सतरंजीवर ओळीने बसून पलटे घोकायचो: सारेग, रेगम, गमप. भिंतीला टेकवलेल्या फळ्यावर त्या दिवसाचा अलंकार खडूने लिहिलेला असे. तीव्र मध्यमाच्या डोक्यावरची उभी रेघ बाई चांगली ठसठशीत काढायच्या. मागच्या ओळीतल्या मुलीलाही ती दिसायला हवी. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षा पुढे उभ्या असायच्या. नवी बंदिश आली की आधी तिची सरगम पाठ व्हायची, मग तिच्यावर शब्द बसायचे, आणि शब्द एकदा बसले की सरगमेचं काम संपायचं. स्वरांची नावं क्लासात, शब्द आणि आकार मैफलीत, अशी सरळ वाटणी होती. ख्यालात कुणी सरगम घेतली की गावातले काही जाणकार नाक मुरडायचे. नावं कशाला घेता, स्वर लावून दाखवा, असं त्यांचं म्हणणं.

मी मध्यमेची तयारी करत असताना मामांनी एक कॅसेट आणली. मारुबिहाग, कलावती आणि एक ठुमरी, प्रभाताईंच्या त्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेवरून उतरवून घेतलेली. मारुबिहाग ऐकताना मी शब्दांत आणि आवाजाच्या गोडव्यात गुंतले होते. मग कलावती लागला आणि त्यात सरगम सुरू झाली. आम्ही रोज घोकत होतो तीच नावं, पण इथे ती पाठ म्हटल्यासारखी येत नव्हती. एक स्वर हळुवार, जवळजवळ कुजबुजत यायचा, पुढचा ठाम, मग चार-पाच नावं एका श्वासात घरंगळत यायची आणि मुखड्याला अचूक भिडायची. तो तुकडा मी इतक्या वेळा मागे घेऊन ऐकला की त्या जागेवर फीत सैल पडली. आपल्या फळ्यावरची गोष्ट मैफलीत एवढ्या मानाने बसते, याचा मला केवढा आनंद झाला होता!

पुढे प्रभाताईंविषयी वाचत गेले तसं हे गाणं कुठून आलं ते उमगू लागलं. १३ सप्टेंबर १९३२चा त्यांचा जन्म, पुण्यातला. आईवडील शिक्षकी पेशातले, घरात गाण्याची परंपरा नव्हती. आईची तब्येत बरी नसे. मन रमावं म्हणून कुणीतरी तिला गाणं शिकायला सुचवलं. आईचं शिकणं थोड्याच दिवसांत थांबलं; जवळ बसणारी आठ वर्षांची मुलगी मात्र शिकत राहिली. पुढे किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर हे गुरू लाभले. गाणं चालू असतानाच त्यांनी विज्ञानाची पदवी घेतली, कायद्याची घेतली, संगीत नाटकांत भूमिका केल्या, आकाशवाणीवर सहायक निर्माती म्हणून काम केलं. विज्ञान आणि कायदा या दोन्ही विषयांत ‘परंपरेने असंच आहे’ हे उत्तर चालत नाही, कारण द्यावं लागतं. त्यांच्या गाण्यात आणि लिहिण्यात कारण देण्याची ही सवय पानोपानी दिसते.

सरगमेच्या बाबतीत तर त्यांनी प्रबंधच लिहिला आणि त्यावर डॉक्टरेट मिळवली. ख्यालात सरगम त्यांनी आणली असं नव्हे. सुरेशबाबूंचे आणि हिराबाईंचे वडील अब्दुल करीम खाँसाहेब यांचा म्हैसूर दरबाराशी आणि कर्नाटक संगीताशी जवळचा संबंध आला होता, आणि त्यांच्या गाण्यात सरगम होतीच. आमच्या शेजारच्या मिरजेत खाँसाहेबांची कबर आहे. तिथल्या दर्ग्यात उरुसाला गायक आजही हजेरी लावतात. उस्ताद अमीर खाँ यांची सरगम तर प्रभाताईंना विशेष भावलेली. पण आवडलं म्हणून गायचं आणि का गायचं हे शोधून सांगायचं, यांत अंतर आहे. त्यांनी दुसरं केलं. सरगमेला आलाप आणि तान यांच्या बरोबरीने ख्यालाचं स्वतंत्र अंग मानता येतं, तिचं स्वतःचं सौंदर्य आहे, हे त्यांनी लिहून मांडलं आणि गाऊन दाखवलं.

त्यांचं वाचल्यावर मी स्वतः हे पडताळून पाहायला बसले. तानपुरा लावला आणि कलावती घेतला. या रागात रिषभ आणि मध्यम वर्ज्य, निषाद कोमल. उरतात सा, ग, प, ध, नि. आकारात गाताना पाचही स्वरांवर तोंड सारखंच उघडं असतं. सरगमेत तसं होत नाही. गंधाराला घसा किंचित अडवतो आणि सोडतो, पंचमाला ओठ मिटून उघडतात, धैवत छातीतून जड येतो. आणि या पाचांत इकार एकट्या निषादाचाच. बाकी सगळे अकाराच्या घरचे. त्यामुळे सरगम घेताना कोमल निषाद येतो तेव्हा आवाजाचा रंगच पालटतो, तोंड आवळतं, स्वर बारीक आणि धारदार होतो. कलावतीचा जीव ज्या स्वरात आहे, तोच उच्चारानेही वेगळा उठून दिसतो. आकारात ही गंमत कधी हाती लागत नाही. मारुबिहागात रिषभ आणि निषाद दोन्ही असल्यामुळे ही छटा पुन्हा निराळी पडते. त्या दिवसापासून सरगम हा माझ्यासाठी नुसता हिशेब उरला नाही.

प्रभाताईंनी बंदिशी रचल्या, नवे राग बांधले. अपूर्व कल्याण, मधुरकंस, तिलंग भैरव, पटदीप मल्हार ही त्यांतली काही नावं. ‘स्वरांजनी’, ‘स्वरांगिणी’, ‘स्वररंगी’ अशी त्यांच्या रचनांची पुस्तकं आहेत. त्यांवरून बंदिश बसवताना मला जाणवतं की रचनाकार आणि शिक्षिका अशा दोन वेगळ्या बाई तिथे नाहीत. शब्द मोजके, उच्चाराला सोपे आणि लयीत सहज बसणारे. मुखडा असा की रागाची ओळख पहिल्याच आवर्तनात पटावी. आणि मध्ये मोकळ्या जागा ठेवलेल्या, गाणाऱ्याने स्वतः भराव्यात म्हणून. ज्यांना रोज विद्यार्थ्यांसमोर बसायचं आहे त्यांच्याच हातून अशी रचना होते. १९७९ ते १९९२ या काळात एसएनडीटी विद्यापीठात त्या संगीत विभागाच्या प्रमुख होत्या; नंतर पुण्यात त्यांनी ‘स्वरमयी गुरुकुल’ उभं केलं. रागांच्या ठरलेल्या वेळा, रस आणि राग यांच्या जोड्या, अशा पाठ केल्या जाणाऱ्या विधानांकडे त्यांनी प्रश्न म्हणून पाहिलं. ‘स्वरमयी’ आणि ‘सुस्वराली’ वाचताना वाटतं, एखादा प्रश्न वर्गातून उठून पुस्तकात आला असणार आणि तिथून पुन्हा बंदिशीत गेला असणार.

आता सांगलीतच माझा लहानसा क्लास आहे. परवा एक विद्यार्थिनी मारुबिहाग म्हणत होती. आकारात तान घेताना तिचा तीव्र मध्यम सारखा निसटत होता, कधी पंचमाला चिकटत होता, कधी शुद्ध मध्यमाकडे झुकत होता. मी म्हटलं, “शब्द नको, आकार नको. नावं घेऊन म्हण, सावकाश.” तिने डोळे मिटून म्हटलं: प म ग, म ग रे सा. म म्हणताना ओठ मिटावेच लागतात, त्यामुळे तिला तिथे क्षणभर थांबावंच लागलं, आणि त्या थांबण्यात तीव्र मध्यम नीट बसला. मग तिनेच विचारलं, “ताई, हे असंच ख्यालात म्हटलं तर चालेल?” मी तिला कलावतीचं ते ध्वनिमुद्रण ऐकवलं. आता तिच्या मोबाइलवर ते आहे, फीत सैल होण्याची भीती नाही.

सवाई गंधर्व महोत्सवाची सांगता प्रभाताईंच्या गाण्याने होताना मी रमणबागेच्या मैदानावर ऐकली आहे. थंडीत शाली लपेटून बसलेला अफाट समुदाय, त्यात पेटीवर नुकती बोटं ठेवू लागलेल्या मुलीही आणि आयुष्यभर ऐकत आलेले आजोबाही. सरगम सुरू झाली की दोघांनाही आपलं काही मिळायचं. मुलींना त्यांचा क्लासातला धडा ओळखू यायचा, आजोबांना त्या धड्याची खोली. इतक्या वेगवेगळ्या कानांना एकाच वेळी धरून ठेवण्याची ताकद मी फार थोड्या गोष्टींत पाहिली आहे.

२०२२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. १३ जानेवारी २०२४ला पुण्यात त्या गेल्या तेव्हा त्यांचं वय एक्क्याण्णव होतं, आणि त्याच दिवशी मुंबईत त्यांचं गाणं ठरलेलं होतं. या वयापर्यंत आवाज टिकवणं ही साधनाच. पण विचार ताजा ठेवणं मला त्याहून मोठं वाटतं.

आपल्याकडे मोठ्या कलावंताने शिकवावं हे उपकार म्हणून सांगितलं जातं, आणि शिकवणाऱ्याने रचना करावी याला हौस म्हटलं जातं. प्रभाताईंच्या साऱ्या कामाने ही विभागणी मोडीत काढली. पहिल्या दिवशी मुलाला दिलेल्या सा रे ग ममध्येच उद्याची मैफल असते, हे एकदा मानलं की शिकवणाऱ्याची जबाबदारी फार वाढते. पलटे उरकून चालत नाहीत. प्रत्येक स्वराचा उच्चार, त्याचं वजन, त्याचं शेजाऱ्याशी नातं त्या पहिल्या दिवसापासूनच दाखवावं लागतं. परीक्षेचा अभ्यासक्रम तेवढा वेळ देत नाही. तो आपण द्यायचा. माझ्या क्लासात येणाऱ्या प्रत्येक मुलीला तो मिळेल, एवढं मी ठरवलं आहे.